फ्रेंच व्याकरणाच्या पायऱ्या

(इयत्ता दहावीतील एका विद्यार्थिनीकडून)

परभाषा शिकू लागणाऱ्यास उपदेश करणारी माणसे दोन प्रकारची असतात. एक म्हणतात, "शब्द पाठ करा, व्याकरण मागाहून आपोआप येईल." दुसरी म्हणतात, "व्याकरण पक्के करा, शब्द काय कोशातही सापडतात." फ्रेंच भाषेच्या अभ्यासाचे माझे हे तिसरे वर्ष आहे. या दोन मतांमधून वाट काढीत असता एक तिसरीच गोष्ट माझ्या ध्यानात आली. ती अशी की, परक्या भाषेचे व्याकरण आपल्याला कठीण वाटते, तेव्हा पुष्कळदा आपल्या स्वतःच्या भाषेचे व्याकरण आपण कधी डोळे उघडून पाहिलेलेच नसते. श्वास घ्यावा तसे आपण मराठी बोलतो. आणि श्वास कसा चालतो याचा विचार, दम लागेपर्यंत कोण करतो? फ्रेंच व्याकरणाने मला असा दम लावला. त्याची थोडी हकीकत विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस सांगावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमचे घर महाडचे. चवदार तळे आमच्या घरापासून पायी दहा मिनिटांच्या अंतरावर आहे. आज त्या तळ्याच्या पायऱ्यांवर कोणीही बसावे, कोणीही त्या पाण्याने हात धुवावे. परंतु माझ्या पणजोबांच्या पिढीस त्या पाण्यास स्पर्श करण्याची मोकळीक नव्हती. सातवीनंतर मी मुंबईस या शाळेच्या वसतिगृहात आले. आठवीच्या प्रारंभी दुसरी भाषा निवडावयाची होती. माझे मन फ्रेंचकडे ओढ घेत होते. बाबांची इच्छा मात्र मी संस्कृत घ्यावे अशी होती. त्यांचे म्हणणे टाकून देण्याजोगे मुळीच नव्हते. ते म्हणाले, "बाबासाहेबांना शाळेत संस्कृत घेऊ दिले नाही, म्हणून त्यांना फारशी घ्यावी लागली. जे त्यांना नाकारले ते तुला आज कोणी नाकारीत नाही. मग तू होऊन ते का सोडतेस?" या प्रश्नास त्या वेळी माझ्यापाशी उत्तर नव्हते. शिवाय वर्गातील काही मुलींस घरी शिकवणी होती. तशी लावणे आमच्या ऐपतीबाहेरचे होते. शेवटी बाबांनी एक वर्षाची मुदत दिली. वर्षाअखेर फ्रेंच जमत आहे असे दिसले तर ठेवावे, न जमल्यास विषय बदलावा, असे ठरले.

त्या वर्षी वाचनालयात बाबासाहेबांचे एक चरित्र वाचीत असता मला धीर देणारी एक नोंद सापडली. डॉ. आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे त्यांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांची मोजदाद उपलब्ध आहे: अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि त्या यादीच्या शेवटी प्राथमिक फ्रेंच व प्राथमिक जर्मन यांचा प्रत्येकी एक. म्हणजे वयाची बाविशी ओलांडलेला, इंग्रजीवर उत्तम प्रभुत्व असलेला हा विद्यार्थी फ्रेंच शिकण्यासाठी पुन्हा पहिल्या धड्यापासून बसला. त्याच विद्यापीठाची पीएच. डी. ही पदवी त्यांना विधिपूर्वक मिळाली ती १९२७ च्या जूनमध्ये. म्हणजे महाडच्या मार्चमधील सत्याग्रहानंतर आणि डिसेंबरमधील परिषदेपूर्वी. हे वाचल्यावर फ्रेंच भाषा मला परकी वाटेनाशी झाली. तिचा एक धागा आमच्या तळ्यापर्यंत येऊन पोहोचलेला होता.

आता प्रत्यक्ष व्याकरणाकडे वळू. पहिली अडचण लिंगाची. मराठीत लिंगे तीन, फ्रेंचमध्ये दोन. प्रथमदर्शनी वाटते, एक लिंग कमी म्हणजे काम सोपे झाले. पण होते उलटेच. आपली जी नपुंसकलिंगी नामे, ती तिकडे निराधार होऊन कोणती कोठे जातील याचा नेम नाही. आपले 'पुस्तक' फ्रेंचमध्ये 'लीव्र' होऊन पुल्लिंगी झाले. आपले 'टेबल' 'ताब्ल' होऊन स्त्रीलिंगी झाले. आपले तळे नपुंसक. तिकडचे 'लाक' पुल्लिंगी. त्या तळ्यातले पाणी आपल्याकडे नपुंसक. तिकडे 'ओ' स्त्रीलिंगी. आणि यातही गंमत अशी की, ज्या अक्षरांनी 'ओ' हा शब्द लिहितात, त्याच अक्षरांनी संपणारी इतर बहुतेक नामे, जसे किल्लेवाडा या अर्थाचे 'शातो' किंवा नाव या अर्थाचे 'बातो', पुल्लिंगी आहेत! आपला चंद्र पुरुष, त्यांची 'ल्यून' स्त्री; सूर्य मात्र दोघांकडेही पुरुष. सुट्टीत मी महाडास गेले म्हणजे डोळ्यांसमोर येईल त्या वस्तूचे फ्रेंच लिंग मनात म्हणत चालण्याचा परिपाठ मी ठेवला. पायरी स्त्री, दगड स्त्री, पूल पुरुष, झाड पुरुष, डोंगर स्त्री. नाम एकटे पाठ न करता त्याच्या मागचे 'ल' किंवा 'ला' त्याच्यासह पाठ करावे, ही आमच्या बाईंची सूचना. तिच्यावाचून हा डोंगर चढता आला नसता.

एके दिवशी बाईंनी नदीला दोन शब्द सांगितले. जी नदी दुसऱ्या नदीला मिळते ती 'रिव्हिएर', आणि ती स्त्रीलिंगी. जी थेट समुद्राला मिळते ती 'फ्लव्ह', आणि ती पुल्लिंगी. मला तत्काळ गावच्या नद्या आठवल्या. महाबळेश्वरी उगम पावून पोलादपूर, महाड करीत सावित्री बाणकोटच्या खाडीने अरबी समुद्रास मिळते. तेव्हा ती 'फ्लव्ह'. गांधारी महाडजवळ सावित्रीस मिळते. तेव्हा ती 'रिव्हिएर'. नाव सतीचे, पण फ्रेंच व्याकरणात सावित्री पुरुषांच्या पंक्तीस बसली! आजीला हे सांगितले तेव्हा ती हसून म्हणाली, "पावसाळ्यात आमच्या सावित्रीचा जोर बघायला ये म्हणावं त्यांना. पुरुष काय नि बाई काय, गाव बुडवायला दोघं सारखीच."

लिंगाच्या या अरण्यातही काही पायवाटा आहेत. 'ते' या प्रत्ययाने संपणारी गुणवाचक नामे फ्रेंचमध्ये स्त्रीलिंगी असतात: लिबर्ते, एगालिते, फ्रातर्निते. आता आपल्याकडे पाहा: समता, बंधुता, मानवता. 'ता' प्रत्ययाची आपली नामेही स्त्रीलिंगीच. मला हा निव्वळ योगायोग वाटला होता; परंतु भाषाशास्त्र सांगते की, लॅटिनमधून फ्रेंचमध्ये आलेला तो प्रत्यय आणि संस्कृतातून मराठीत आलेला आपला 'ता' हे एकाच प्राचीन कुळातील आहेत. बाबासाहेबांनी ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवरील भाषणात सांगितले होते की, स्वातंत्र्य, समता व बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीपासून घेतलेली नसून बुद्धाच्या शिकवणीतून घेतलेली आहेत. विचारांचे मूळ कोठले हा मोठ्यांचा विषय. पण समता आणि एगालिते या दोन शब्दांच्या शेपट्या एकाच कुळातल्या आहेत, एवढे एका विद्यार्थिनीस व्याकरणातून कळले आणि तिला आनंद झाला.

दुसरी अडचण अंकांची. फ्रेंचमध्ये साठापर्यंत सारे सुरळीत चालते. पुढे सत्तर म्हणजे 'साठ-दहा', ऐंशी म्हणजे 'चार-वीस', आणि सत्त्याण्णव म्हणजे 'चार-वीस-दहा-सात'. वर्गातील मुली यास हसत. मला मात्र ते घरचे वाटले. कारण आमची आजी आजही नारळ मोजते ते विसांनी: तीन विसा, चार विसा. ऐंशी नारळांना 'चार विसा' म्हणणारी माझी आजी आणि 'कात्र-व्हँ' म्हणणारा पॅरिसचा दुकानदार यांचा हिशोब एकच. बेल्जम व स्वित्झर्लंड येथील फ्रेंच बोलणारे लोक सत्तर व नव्वद यांस सरळ 'सेप्ताँत' व 'नोनाँत' म्हणतात, हेही सांगून ठेवते. आणि फ्रेंच अंकांस हसण्यापूर्वी आपण आपले 'एकोणसत्तर' व 'एकोणऐंशी' एखाद्या परदेशीयास समजावून पाहावे. एक उणे करून पुढच्या दहाकात शिरणारी आपली मोजणी ऐकून तोही चकित झाल्यावाचून राहणार नाही.

तिसरी अडचण सर्वांत प्रसिद्ध. भूतकाळी धातुसाधिताचा मेळ कशाशी घालावा, या प्रश्नाने फ्रान्समधील शाळकरी मुलेही रडकुंडीस येतात असे म्हणतात. नियम असा: जाणे, येणे, जन्मणे, मरणे अशा काही मोजक्या अकर्मक क्रियापदांस 'एत्र' म्हणजे 'असणे' हे सहायक लागते, आणि तेथे धातुसाधित कर्त्याप्रमाणे बदलते. इतर बहुतेक क्रियापदांस 'आव्हवार' म्हणजे 'जवळ असणे' हे सहायक लागते. तेथे ते कर्त्याप्रमाणे बदलत नाही, मात्र कर्म आधी आलेले असेल तर त्या कर्माप्रमाणे बदलते. 'मी लिहिली एक चिठ्ठी' अशा क्रमाने बोलल्यास 'एक्री'. 'चिठ्ठी, जी मी लिहिली' अशा क्रमाने बोलल्यास 'एक्रीत'. चिठ्ठी स्त्रीलिंगी, म्हणून शेवटी 'त' ऐकू आला. क्रियापद कर्माप्रमाणे का बदलावे, असा प्रश्न वर्गात एकीने विचारला. इंग्रजीच्या चष्म्यातून पाहिले तर प्रश्न रास्त आहे. परंतु मराठी माणसाने हा प्रश्न विचारावा हे नवल! कारण आपण दिवसभर दुसरे काय करतो? 'तिने आंबा खाल्ला, तिने पोळी खाल्ली, तिने केळे खाल्ले.' खाणारी तीच. क्रियापद खाल्लेल्या वस्तूप्रमाणे बदलले. यासच आपले व्याकरण कर्मणी प्रयोग म्हणते. आणि 'तो गेला, ती गेली' येथे क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलते, तो कर्तरी प्रयोग. फ्रेंचमधील 'एत्र' व 'आव्हवार' यांचे जे भांडण, ते आपल्या कर्तरी व कर्मणी प्रयोगांचेच दूरचे भावंड आहे. आपण कर्म कोठेही असले तरी त्याचा मान राखतो; फ्रेंच माणूस कर्म आधी येऊन उभे राहिले तरच राखतो. एवढाच काय तो फरक. सोळाव्या शतकातील क्लेमाँ मारो या कवीने इटालियन भाषेच्या धर्तीवर हा नियम आपल्या शिष्यांस पद्यात सांगितला आणि तेव्हापासून तो मुलांच्या मानगुटीवर बसला आहे.

हे कळल्यावर मी मराठीची वाक्ये निरखू लागले, आणि मला आपल्या घरातच एक कोडे सापडले. 'मी भाकरी खाल्ली' असे आपण म्हणतो. मग 'मी पाणी प्याले' असे का म्हणतो? खाणे जसे सकर्मक, तसे पिणेही सकर्मक. तरी खाल्ल्यावर क्रियापद भाकरीकडे जाते, आणि प्यायल्यावर पिणाऱ्याकडे येते: मुलगा म्हणेल 'मी पाणी प्यालो', मुलगी म्हणेल 'प्याले'. अशी क्रियापदे मराठीत मोजकीच आहेत: पिणे, बोलणे, विसरणे, समजणे, आणि शिकणे. 'मी धडा वाचला' यात वाचणारी मी कोण हे कळत नाही. 'मी धडा शिकले' यात कळते. धडा वाचला तर फक्त धडा पुढे सरकतो. शिकणाऱ्याचे मात्र स्वतःचे रूप बदलते, असे जणू आपल्या भाषेस सांगावयाचे आहे. हे कोणी मला मराठीच्या तासाला सांगितले असते, तर मी ते पाठ करून विसरले असते. फ्रेंचच्या निमित्ताने ते मला माझे मला दिसले, म्हणून ते राहिले.

या परस्पर उपकाराचे एक मोठे उदाहरण इतिहासात आहे. मराठी भाषा कशी घडली याचा शास्त्रीय इतिहास ज्याने तपशीलवार लिहिला, तो पंडित फ्रेंच होता. त्याचे नाव ज्यूल ब्लॉक. त्याचा ग्रंथ फ्रेंच भाषेत १९२० साली पॅरिसला प्रसिद्ध झाला, आणि वासुदेव गोपाळ परांजपे यांनी 'मराठी भाषेचा विकास' या नावाने तो १९४१ साली मराठीत आणला. एका परदेशीयाने आपले 'आलो-गेलो' इतक्या प्रेमाने तपासावे, आणि आपण त्याच्या भाषेस 'अवघड' म्हणून दूर सारावे, हे बरे दिसत नाही.

चौथी अडचण क्रियापदाच्या अर्थांची. घडत असलेली गोष्ट सांगण्याचे रूप एक, आणि घडावी असे वाटणारी गोष्ट सांगण्याचे रूप दुसरे. फ्रेंचमधील या दुसऱ्या रूपाचे नाव ऐकूनच वर्गात सुस्कारे उमटतात. परंतु आपल्या व्याकरणात स्वार्थ आणि विध्यर्थ हे भेद आहेतच. 'तू येतेस' हा स्वार्थ. 'तू यावेस' हा विध्यर्थ. 'इल फो', म्हणजे 'आवश्यक आहे', असे म्हटले की फ्रेंच माणूस पुढे विध्यर्थासारखे रूप योजतो, आणि मराठी माणूसही 'तू यावेस हे आवश्यक आहे' असेच म्हणतो. फरक काही जागी पडतो. 'मला वाटते' यापुढे फ्रेंचमध्ये साधे रूप येते. पण 'मला वाटत नाही' असे म्हटले की लगेच दुसरे रूप येते, कारण गोष्ट आता शंकेच्या प्रांतात गेली. 'आशा आहे' यापुढे मात्र पुन्हा साधेच रूप. आशेला फ्रेंच व्याकरणाने खात्रीच्या बाजूला बसविले आहे, ही गोष्ट मला फार आवडली.

स्वार्थ आणि विध्यर्थ यांतील अंतर किती मोठे असते, हे चवदार तळ्याच्या इतिहासावरून समजते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले असावेत, असा ठराव सीताराम केशव बोले यांच्या सूचनेवरून मुंबईच्या कायदे कौन्सिलाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी केला. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ साली तळे खुले करण्याचा ठराव केला. तळे खुले 'असावे' एवढे झाले. तळे खुले 'आहे' असे झाले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर परिषदेच्या प्रतिनिधींसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. तेव्हा विध्यर्थाचा स्वार्थ होण्यास प्रारंभ झाला. त्यानंतर सत्याग्रहींस मार बसला, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, प्रकरण न्यायालयात गेले, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल सत्याग्रहींच्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ रोजी. एका क्रियापदाचे रूप बदलण्यास दहा वर्षे लागली. डिसेंबर १९२७ मधील महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या सभेची तुलना फ्रान्समध्ये १७८९ साली व्हर्सायला भरलेल्या राष्ट्रीय सभेशी केली होती. त्या फ्रेंच सभेने २६ ऑगस्ट १७८९ रोजी जो मानवी हक्कांचा जाहीरनामा संमत केला, त्याच्या पहिल्या कलमात माणसे समान 'असावीत' असे म्हटलेले नाही. तेथे साधा वर्तमानकाळ, म्हणजे स्वार्थ, योजलेला आहे. समता ही मागणी नसून वस्तुस्थिती आहे, अशा थाटात ते वाक्य उभे आहे. व्याकरण शिकले नसते, तर हे बारीक टोक माझ्या हाती लागलेच नसते.

पाण्याविषयी बोलतच आहोत, तर पाचवी अडचणही पाण्यातलीच सांगते. मराठीत उपपदे नाहीत. 'मी पाणी प्याले' म्हटले की झाले. फ्रेंचमध्ये मात्र आधी ठरवावे लागते की, कोणते पाणी? तहान भागविण्यापुरते थोडे, कोणतेही पाणी प्यावयाचे असेल तर 'द लो'. ठरावीक, माहीत असलेले, ते पाणी असेल तर नुसते 'लो'. आणि पाणी मिळालेच नाही तर 'पा दो'. तीन इवलेसे शब्दप्रयोग. पण एकाच्या जागी दुसरा चालत नाही. मी हे भेद वहीत लिहून पुनःपुन्हा घोकीत होते, तरी मनात ठसत नव्हते. एकदा सुट्टीत २० मार्चच्या गर्दीत आम्ही तळ्यावर गेलो असता ते आपसूक ठसले. पिढ्यानुपिढ्या आमच्या माणसांच्या वाट्यास या तळ्यावर 'पा दो' आले. १९२७ साली जे आले ते तहानेने व्याकूळ होऊन 'द लो' मागण्यास आले नव्हते. या तळ्याच्या पाण्यावाचून आम्ही मेलो नाही, आम्हीही माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी आम्ही तेथे जात आहोत, अशा आशयाचे बाबासाहेबांचे शब्द प्रसिद्धच आहेत. त्यांस हवे होते ते 'लो': ते पाणी, जे सर्वांचे असून काहींसाठी अडविलेले होते. वर्गात दुसऱ्या दिवशी या उपपदांचा पाठ निघाला तेव्हा मला वहीकडे पाहावे लागले नाही.

शेवटची अडचण व्याकरणाची थोडी आणि व्यवहाराची फार. फ्रेंचमध्ये 'तू' साठी 'त्यू' आणि 'तुम्ही' साठी 'व्हू'. इंग्रजीच्या विद्यार्थ्यास यात गोंधळ होतो. मराठी मुलास होऊ नये. कारण 'तू' चे दोन चेहरे आपल्याला पुरते ठाऊक आहेत. आईला, आजीला आणि विठ्ठलालाही आपण 'तू' म्हणतो, त्यात जिव्हाळा असतो. आणि अनोळखी वृद्ध मजुरास कोणी 'ए, तू इकडे ये' म्हणतो, त्यात दुसरेच काही असते. फ्रेंच राज्यक्रांतीच्या ऐन भरात, १७९३ साली, सर्वांनी सर्वांस 'त्यू' म्हणावे अशी मागणी राष्ट्रीय कन्वेन्शनपुढे आली होती. सक्तीचा कायदा झाला नाही. तथापि काही काळ सरकारी पत्रव्यवहारातही 'त्यू' रूढ झाले, आणि क्रांतीचा भर ओसरल्यावर 'व्हू' परत आले. त्या लोकांनी सर्वांस एका पातळीवर आणण्यासाठी खालची पायरी निवडली. मला वाटते, आपल्याकडे वरची निवडावी. ज्यांना शतकानुशतके 'तू' च ऐकावे लागले, त्यांना समता म्हणून आणखी एकदा 'तू' देऊन काय उपयोग? त्यांच्या वाट्यास एकदा 'तुम्ही' आले पाहिजे.

हा विचार मला पुस्तकातून सुचला नाही. आठवीच्या दिवाळीच्या सुट्टीत आजीच्या एका कागदासाठी मी तिच्याबरोबर एका कचेरीत गेले होते. तेथील तरुण कारकून तिच्या नातवाच्या वयाचा. तो तिला म्हणाला, "ए म्हातारे, तुझा अंगठा इथे लाव." आजीला सही करता येते, तिने काही न बोलता लेखणी मागून घेतली आणि स्वच्छ अक्षरांत सही केली. परत येताना तळ्याच्या पायऱ्यांवर आम्ही जरा टेकलो. थोड्या वेळाने तिने विचारले, "काय गो बाय, तू शिकतेस त्या भाषेत माझ्यासारखीला काय म्हणतात? तू का तुम्ही?" मी म्हटले, "अनोळखी माणसाने तुला 'व्हू'च म्हणायचे, आजी. तिथे तुझी गरिबी बघायची नाही, असा व्याकरणाचा नियम आहे." तिने तो शब्द दोनदा उच्चारून पाहिला आणि म्हणाली, "मग शिक. पुरती शिक."

रात्री तिने बाबांना ही गोष्ट सांगितली. बाबा बराच वेळ गप्प होते. मग मी माझी वही त्यांच्यापुढे ठेवली. 'समता' आणि 'एगालिते' यांचे प्रत्यय, आपला कर्मणी प्रयोग आणि फ्रेंचचा मेळ, हे सारे मी तीत शेजारी शेजारी मांडले होते. बाबा म्हणाले, "यात जागोजागी संस्कृतचे नाव येते आहे." ते खरेच होते. मराठीचे रूप शोधीत मागे गेले की वाट संस्कृतास लागते, आणि फ्रेंचचे रूप शोधीत मागे गेले की लॅटिनास. आणि त्या दोघी जुन्या बहिणीच निघतात. त्या रात्री आमच्यात तह झाला: शाळेत फ्रेंच, सुट्टीत संस्कृत. बाबासाहेबांनी तरी नाकारलेले संस्कृत पुढे स्वतःच्या प्रयत्नानेच साध्य केले होते. मुदतीचे वर्ष संपल्यावर विषय बदलण्याची गोष्ट पुन्हा निघाली नाही. गेल्या दोन मेच्या सुट्ट्यांत माझी शब्दरूपावली बाबांच्या देखरेखीखाली चालली आहे. आणि 'देवः देवौ देवाः' म्हणताना माझ्यापेक्षा त्यांचाच आवाज अधिक खणखणीत लागतो.

फ्रेंचचा उपयोग काय, असे विचारणाऱ्या पालकांस नम्रपणे एवढेच सांगते की, एकोणिसाव्या शतकात कोकणातून उसाच्या मळ्यांवर मजुरीस गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आज मॉरिशस बेटात आहेत, आणि त्यांची मुले क्रेओल, फ्रेंच, इंग्रजी व मराठी अशा चार भाषांच्या शेजारात वाढतात. ज्यांचे पूर्वज अक्षरओळख नसताना समुद्र ओलांडून गेले, त्यांना जे साधते ते आपल्याला का साधू नये?

विद्यार्थिमित्रांनो, जाता जाता माझ्या अनुभवाच्या चार गोष्टी घ्या. नाम नेहमी उपपदासह पाठ करा. प्रत्येक नियमाशेजारी मराठीतील तसाच अथवा उलट नियम लिहून ठेवा. साम्य आठवणीत राहते आणि विरोध त्याहूनही अधिक राहतो. उदाहरणे पुस्तकातील घेऊ नका, आपल्या गावची घ्या. तुमच्या गावची नदी 'फ्लव्ह' की 'रिव्हिएर' हे आजच शोधून काढा. आणि 'तुम्ही' हा शब्द कोणत्याही भाषेत प्रथम शिका व घरी परतल्यावर मराठीतही वापरा. विशेषतः ज्यांना तो क्वचितच ऐकावयास मिळतो, त्यांच्याशी बोलताना.